शृंगसेन महाराजांची न गळणारी शिंगं

एक मोठं रान होतं. म्हणजे अजूनही आहे, नकाशावरचा त्याचा हिरवा रंग जरा फिका झालाय एवढंच. या रानात सांबरांचं राज्य होतं. राज्य म्हणजे लोकशाहीच बरं का, उगाच गैरसमज नको. दर दोन पावसाळ्यांनी निवडणूक व्हायची आणि दर वेळी शृंगसेन महाराज निवडून यायचे. दुसरा उमेदवारच नसायचा, त्यामुळे रानात कटुता अशी कधी आलीच नाही.

मत द्यायचं ते खूर आपटून. रानाच्या मधोमध खारट मातीची एक दरड होती, तिला सगळे चाटण म्हणायचे. अंगात मीठ पडावं म्हणून लहानथोर जनावरं तिथं येऊन माती चाटायची, आणि सभाही तिथंच भरायची. महाराजांचं नाव पुकारलं की खूर आपटायचे. आवाज जेवढा मोठा, तेवढं बहुमत मोठं. सांबरं, चितळं, रानडुकरं दणादण आपटायची. ससे बिचारे मागच्या पायांनी धपधप करून बघायचे. साळिंदराचं पाऊल मात्र मऊ, मुळी खूरच नाही. ते कितीही आपटलं तरी आवाज येत नाही. म्हणून साळिंदरं पाठीवरचे काटे खुळखुळ वाजवायची, आणि त्याला सभेत 'गोंधळ' म्हणायचे.

कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, बेटाला लागून हौसाक्का नावाची एक साळिंदरीण राहायची. जिभेनं तिखट, पाठीनं काटेरी, आणि दोन्हींचा तिला सारखाच अभिमान. तिचं बीळ तिच्या आजेसासूनं खोदलेलं. खोल, उन्हाळ्यात गार, आणि आभाळ फाटलं तरी आत थेंब शिरायचा नाही असं. तिची लेक सगुणा पहिलटकरीण होती, थंडी सरता सरता बाळंतपणाला माहेरी आली होती. लेकीची सुटका या बिळात व्हावी आणि पाऊस लागेल तेव्हा पोर कोरड्यात निजलेलं असावं, यापलीकडे हौसाक्काला जगाकडून काही नको होतं. जगाला मात्र तिच्याकडून बरंच काही हवं होतं.

आता जरा खाजगीतलं. सांबराचं शिंग गळतं. दर उन्हाळ्यात गळतं, पावसाळ्यात नवा मखमली कोंब फुटतो, आणि थंडी पडेपर्यंत नवं शिंग तयार. चितळांचंही तसंच. यात लाजण्यासारखं काही नाही. पण राज्य म्हटलं की कशाची लाज वाटावी याचे नियम वेगळे असतात. महाराजांची शिंगं कधीच गळत नाहीत, असं सरकारी धोरण होतं. निवडणुकीची घोषणाच मुळी 'गळणार नाही, वळणार नाही, शृंगसेनाविना पर्याय नाही!' अशी होती. त्यामुळे उन्हाळा तापला की महाराज कळकाच्या बेटात ध्यानाला बसायचे. ते बसले की बाकीचे शिंगवालेही आपापल्या झुडपात ध्यानाला बसायचे. कुणी कुणाच्या झुडपात डोकावायचं नाही, असा सभ्य रिवाज होता. गंमत म्हणजे प्रत्येक नराला वाटायचं, की अख्ख्या रानात फक्त आपलंच शिंग गळतं, बाकीच्यांची पक्की असतात.

आणि गळालेली शिंगं जायची कुठं? साळिंदरांच्या पोटात. पिढ्यान्‌पिढ्या ती शिंगं शोधायची, बसून कुरतडायची आणि फस्त करायची. त्यानं हाडाला बळ येतं, पोटुशीला तर ते हवंच असतं. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कुणी कधी शाबासकीही दिली नव्हती. पावसाळा सरता सरता शिंगवाले ध्यान आटोपून बाहेर यायचे तेव्हा रानात पुरावा म्हणून एक टवका सापडायचा नाही. हौसाक्काच्या घरात तर दर साली खुद्द महाराजांचं शिंग असायचं. तिनं त्याची कधी वाच्यता केली नाही. ताटातल्या गोष्टीचा कुणी गावभर बोभाटा करतं का?

तर एकदा काय झालं, चाटणावर महाराजांच्या साडूच्या पाडसाच्या खुरात साळिंदराचा काटा गेला. पाडसाच्या आईनं तो दातानं उपसून टाकला, पाडस दोन उड्या मारून खेळायला गेलं. गोष्ट तिथंच संपायची. पण प्रधानजींना ती कळली.

प्रधान होतं एक खोकड. कोल्ह्याहून लहान, शेपटी झुपकेदार, आवाज लोण्यासारखा. त्याला स्वतःला शिंग नव्हतं, कधी येण्याचा संभवही नव्हता, म्हणून शिंगाचा अभिमान रानात सगळ्यात जास्त त्यालाच. न गळणाऱ्या शिंगांची घोषणा त्यानंच रचलेली. इतकी वर्षं ओरडून ओरडून ती त्याला मनापासून खरी वाटायला लागली होती. बाकीच्यांना निदान आपल्यापुरतं खरं ठाऊक होतं. सगळ्या रानात एकटा प्रधानच प्रामाणिक होता, आणि त्यानंच घात झाला.

"बंधूंनो आणि भगिनींनो!" खोकडानं सभेत सूर लावला. "मी कुणाच्याही विरोधात नाही. काट्यांबद्दल मला आदरच आहे. माझे कितीतरी मित्र काटेरी आहेत. पण आज एका पाडसाच्या खुरात काटा जातो, उद्या प्रत्येक पाडसाच्या जाईल! मी विचारतो, हे रान पाडसांचं की काट्यांचं?"

"पाडसांचं! पाडसांचं!"

"अरं, काटा काय आत्ता उगवला व्हय?" हौसाक्का मधूनच ओरडली. "तुझ्या आज्याच्या वक्ताला बी हुताच की! तवा न्हाई कुणी पाडसं मोजली!"

"सभेत गोंधळ नको," कोतवाल फांदीवरून म्हणाला. कोतवाल म्हणजे तो लांब शेपटीचा काळा पक्षी, कुणाच्याही आवाजाची हुबेहूब नक्कल करणारा. सरकारी दवंडी त्याच्याकडे होती.

"आमचा आग्रह अगदी साधा आहे," खोकड म्हणालं. "साळिंदर समाजानं सभेत जरासं मागं सरकून बसावं. जरासंच."

रानडुकरांनी सगळ्यात जोरात खूर आपटले. इतकी वर्षं सभेत सगळ्यात मागं तीच बसायची. आता त्यांच्याही मागं कुणीतरी आलं होतं. मागं कुणी असलं की पुढं गेल्यासारखं वाटतं, जागा तीच असली तरी.

मागं बसल्यामुळे साळिंदरांना चाटणावर शेवटचा नंबर लागू लागला. तोवर तिथं मीठ कमी आणि इतरांची लाळ जास्त असायची. म्हणून ती चाटणावर यायची हळूहळू बंद झाली. लगेच एक समिती बसली. तिनं अभ्यास करून सांगितलं, की साळिंदर समाज मुख्य प्रवाहात यायला तयार नाही, चाटणावर येत नाही, आपल्याच बिळात राहतो, हाडकं चघळतो, आणि एकंदरीत त्याला रानाबद्दल आपुलकी नाही. समितीतल्या एका विद्वान वानरानं तर सिद्धच केलं, की ज्याअर्थी त्यांच्या अंगावर काटे आहेत त्याअर्थी ते बाभळीच्या मुलखातून आलेले आहेत, मूळचे इथले नाहीतच. हौसाक्काच्या आजेसासूनं बीळ खोदलं तेव्हा या वानराचं कूळ कुठल्या झाडावर होतं, हे कुणी विचारलं नाही.

पळस फुलला आणि 'सीमासन्मान योजना' जाहीर झाली.

"साळिंदर बंधूंच्या पाठीवर निसर्गानं शस्त्रं दिली आहेत," खोकड सांगत होतं. "अशा शूर समाजाला आपण रानाच्या मधोमध कोंडून ठेवलं, हा त्यांच्यावर अन्याय नव्हे काय? यापुढे ते रानाच्या कडेला, शेतांच्या बांधावर राहतील आणि आपल्या सर्वांचं रक्षण करतील! येत्या सभेत आपण हा सन्मान त्यांना बहाल करू."

शेतांचा बांध म्हणजे काय, हे रानात कोण जाणत नव्हतं! तिथली जमीन निव्वळ मुरमाड, खणायला गेलं तर नख्या उखडाव्यात. आणि बांधाला लागून माणसांनी तार ओढलेली, तिच्यात वीज सोडलेली. त्या तारेला लागलेलं जनावर परत आलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

हौसाक्का भर दुपारी महाराजांना भेटायला गेली. महाराज चिखलात अंग टाकून पडले होते. तिला बघून दचकले आणि आधी चहूकडं कुणी नाही ना ते बघून घेतलं.

"या, हौसाक्का. बसा. नको, उभ्याच राहा, कुणी बघेल."

"म्हाराज, मी काय जास्त बोलत न्हाई. माझी लेक दिवसावर आलीया. हितनं उठवलं तर तिनं बांधावर, उघड्यावर बाळंत व्हायचं का? तुमी सभेत एक शब्द बोला. आमी कळकाच्या बेटाला का हाय, कशापायी हाय, ते तुमास्नी ठावं हाय."

महाराजांनी नजर चिखलात वळवली. "ठाऊक आहे म्हणजे... तसं म्हटलं तर आहे."

"मग झालं तर! आमी गेलो तर तुमची अडचण हुईल का न्हाई?"

"अडचण होईल," महाराज पुटपुटले. "मोठी अडचण होईल. बघतो मी. करतो काहीतरी."

हौसाक्का घरी आली ती हलक्या मनानं. सगुणाला म्हणाली, "घोर करू नगंस. म्हाराज बघतो म्हणालं." जन्मात कधी राजाकडं काही मागितलं नव्हतं ना तिनं, म्हणून 'बघतो' या शब्दाचा अर्थ तिला ठाऊक नव्हता.

सभा भरली. खोकडानं प्रस्ताव मांडला आणि महाराजांकडं पाहिलं. रिवाजाप्रमाणे आधी महाराजांनी खूर आपटायचा, मग बाकीच्यांनी. महाराजांनी उजवा खूर उचलला. आणि तो तसाच अधांतरी राहिला.

हौसाक्का मागून टाचा उंच करून बघत होती.

"महाराज?" खोकड म्हणालं. "काही अडचण?"

आता आली का पंचाईत! अडचण आहे म्हणावं, तर कोणती ते सांगावं लागणार. ती सांगायची, तर शिंग गळतं हे सांगावं लागणार. महाराजांनी घसा खाकरला. त्यांनी सेनापतीकडं पाहिलं, की हा तरी विरोध करील. सेनापतींचं स्वतःचं डावं शिंग तेव्हाच हलायला लागलं होतं, ते मान ताठ धरून जमिनीकडं बघत होते. चितळांचा पुढारी जमिनीकडं बघत होता. एकूणएक शिंगवाले जमिनीकडं बघत होते. प्रत्येकाच्या मनात एकच विचार होता, की साळिंदरं गेली तर माझं कसं होणार. आणि प्रत्येकाला भीती एकच, की मी विरोध केला तर बाकीचे विचारतील, का रे बाबा?

"अडचण काहीच नाही," महाराज म्हणाले. खूर खाली आला. पाठोपाठ असा कडकडाट झाला की दरडीची माती घसरली. ज्यांचं शिंग सगळ्यात जास्त हलत होतं, त्यांनीच सगळ्यात जोरात आपटलं.

"अरं, तुमी तरी बोला की कुणी!" हौसाक्का ओरडली. सगळ्या साळिंदरांनी काटे वाजवले. कोतवालानं दवंडी दिली, की ठराव एकमतानं मंजूर झाला असून साळिंदर समाजानं आनंदानं काटे वाजवून त्याचं स्वागत केलं आहे.

दुसऱ्याच दिवशी त्यांना बांधावर नेऊन सोडलं. वाटेत जागोजाग चितळांच्या माद्यांनी त्यांच्यावर पळसाची फुलं टाकली. मुरमात खणून खणून हौसाक्काच्या नख्यांतून रक्त आलं, तेव्हा कुठं ढोपरभर खड्डा झाला. आठवडाही झाला नसेल, तिचा दीर दगडू कंदाच्या वासानं पुढं गेला आणि तारेला चिकटला. पाठीवरचे काटे अजून ताठ होते त्याचे. हौसाक्का त्याच्यापाशी जाऊही शकली नाही, लांबून नुसती हंबरडा फोडत राहिली. कोतवाल उडत आला आणि त्यानं दगडूला 'सीमावीर' ही पदवी जाहीर केली. पदवी मिळाल्यावर पोराबाळांनी काय खायचं, ते सांगायच्या आत तो उडूनही गेला होता.

त्याच खड्ड्यात सगुणा बाळंत झाली. पोर किडकिडीत, पण डोळे टक्क उघडे. काटे अजून गवतासारखे मऊ. हौसाक्कानं त्याला हुंगलं आणि आभाळाकडं पाहिलं. आभाळ कोरडं होतं. "पाऊस लागायच्या आत तुला घरी न्हेते बघ," ती त्याला म्हणाली. "कसं न्हेते ते इचारू नगं."

इकडं रानात उन्हाळा तापला, आणि शिंगं गळायला लागली.

पहिलं शिंग एका सशाला वाटेत सापडलं. मग पाणवठ्यावर दोन. मग चाटणाच्या उतारावर, जांभळीच्या बुंध्याशी, जिकडं तिकडं शिंगंच शिंगं. शिंगवाल्यांनी आपापलं शिंग पाल्यात लपवून बघितलं, पायानं ओढून दुसऱ्याच्या झुडपात सारून बघितलं. तिथं आधीच दुसऱ्याचं सारलेलं असायचं. रानातली जनावरं अडखळून पडू लागली. सशांच्या पोरांनी शिंगांचे झोके केले.

खोकड चक्रावून गेलं. शिंग गळतं हे त्याच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. त्यानं रात्रंदिवस विचार केला आणि सभा बोलावून जाहीर केलं, की हे शेजारच्या रानाचं कारस्थान आहे. आपल्या अढळ शिंगांवरचा रानवासीयांचा विश्वास उडावा, म्हणून शत्रू तिकडची गळकी शिंगं आणून आपल्याकडं टाकतो आहे!

"मग म्हाराज कुठं हायती?" एका म्हाताऱ्या सशानं विचारलं. "शिंगं सापडाय लागली तवाच कुणी शिंगवाला कसा दिसंना?"

"ध्यानाला बसले आहेत!" खोकड कडाडलं, आणि त्याच वेळी बेटातून महाराजांचा धीरगंभीर आवाज आला, "माझ्या प्रिय रानवासीयांनो, मी तुमच्यासाठीच डोळे मिटून बसलो आहे." आवाज महाराजांचा होता, फक्त मधेच त्याला शीळ वाजली. कोतवालाला सर्दी झाली होती.

ससे हसले. दुसऱ्या दिवशी ससे समाजालाही सीमासन्मान मिळाला. मग रानडुकरांनी सवयीप्रमाणे जमीन उकरली आणि सेनापतींनी पुरलेली शिंगं वर आली; चौकशीअंती रानडुकरांच्या अंगी शौर्य आढळलं आणि तीही बांधावर गेली. तिथं येऊन ती हौसाक्काच्या खड्ड्याशेजारी गुमान बसली.

"या," हौसाक्का म्हणाली. "लई खूर आपटत हुता. आता हितं मुरूम हाय, आपटा किती बी."

शेवटी महाराजांचंच शिंग बेटाबाहेर, ऐन वाटेवर पडलं. ते ओळखू येण्याजोगं होतं, एवढं मोठं दुसऱ्या कुणाचं नव्हतंच. खोकडानं ते डोळ्यांनी पाहिलं, बेटात डोकावलं, आणि आत बोडक्या डोक्याचे महाराज पाहिले. त्याला घेरी आली म्हणतात. पण प्रधानच तो, सावरायला वेळ लागला नाही. निवडणूक तोंडावर आली होती. ते तडक बांधावर निघालं, तारेपासून लांब उभं राहिलं आणि लोण्यासारखं बोलायला लागलं.

"हौसाक्का, तुमच्या समाजाचं योगदान आम्ही विसरलेलो नाही. एक छोटंसं काम होतं. देशसेवाच म्हणा."

हौसाक्काला काम सांगायची गरज नव्हती. "बीळ दे," ती म्हणाली. "आधी माझी लेक अन् नातू बिळात जाऊ दे. मग दात लावते. पाऊस हुंबऱ्यावर आलाय."

"मागणी रास्त आहे. तत्त्वतः मान्य."

"तत्त्वता म्हंजी?"

"म्हणजे मान्यच. चला तर खरं."

सगुणाला पोराजवळ ठेवून हौसाक्का त्याच्याबरोबर निघाली. बऱ्याच दिवसांनी कळकाचं बेट दिसलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. पण बिळाच्या तोंडाशी येते तो काय, आतून खोकडाचा मेव्हणा जांभई देत बाहेर आला. मागून त्याची बायको, मागून पोरं. शेजारच्या बिळातून खोकडाचा चुलतभाऊ, त्याच्या पलीकडून मावसभाऊ. साळिंदरांच्या आयत्या, कोरड्या बिळांमध्ये प्रधानजींचं सगळं गणगोत सुखानं नांदत होतं.

"ही तात्पुरती सोय आहे," खोकड म्हणालं. "जागा ओस पडू नये म्हणून."

हौसाक्का तडक मागं वळली. वाटेवर महाराजांचं शिंग पडलं होतं. तिनं ते दातात धरलं. खोकडाला वाटलं, आता कुरतडणार. पण ती ते ओढत ओढत निघाली, सरळ चाटणाकडं. खोकड आडवं आलं तशी तिनं पाठ फिरवून सगळे काटे उभे केले आणि उलटी चाल करून त्याच्या अंगावर गेली. साळिंदराची लढायची रीतच ती. खोकडाच्या नाकात दोन काटे रुतले, ते केकाटत बाजूला झालं.

सभेची वेळ होती. निवडणुकीसाठी बांधावरचे समाजही मागं आणून उभे केले होते, कारण गर्दी दिसायला हवी. कोतवाल बेटातून महाराजांच्या आवाजात भाषण देत होता, "माझी शिंगं म्हणजे केवळ शिंगं नव्हेत, तो तुमचा विश्वास आहे..." आणि हौसाक्कानं तो विश्वास आणून सगळ्यांच्या पुढ्यात टाकला.

"हे बघा! हे म्हाराजांचं हाय! दर साली गळतं! आमी खातो म्हणून तुमास्नी दिसत न्हाई! सेनापतीचं बी गळतं, ह्येचं बी गळतं, त्येचं बी गळतं! लाज वाटायची काय बी गरज न्हाई त्यात. पर ज्येनं तुमची लाज झाकली त्येलाच तुमी तारंवर नेऊन बांधलंत! माझं बीळ द्या मला! बाकी तुमचं राज्य तुमालाच लखलाभ!"

बेट हललं. महाराजांना बाहेर येण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ते आले. डोकं बोडकं, कान लोंबलेले. पाडसं आईच्या पोटाखाली शिरली. ससे एकमेकांना कोपरखळ्या मारायला लागले. आता राज्य गेलं, असं सगळ्यांनाच वाटलं. महाराजांना तर नक्कीच.

तेवढ्यात नाकातले काटे तसेच घेऊन खोकड दरडीवर चढलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. काट्यांमुळे असेल.

"बघा!" ते गहिवरून म्हणालं. "डोळे भरून बघा या महापुरुषाला! ज्यांची शिंगं कधीच गळू शकत नाहीत, त्या महाराजांनी तुमच्यासाठी, केवळ तुमच्यासाठी, आपल्या हातानं शिंगांचा त्याग केला आहे!"

मग सेनापती गर्दीतून पुढं आले, बोडकं डोकं मिरवत. "मीसुद्धा! मीसुद्धा त्याग केला आहे!" मग चितळांचा पुढारी. मग इतक्या दिवसांचे लपलेले सगळे शिंगवाले झुडपाझुडपांतून धावत आले, कुणी जास्त त्याग केला यावरून त्यांच्यात ढकलाढकली सुरू झाली. "त्यागमूर्ती शृंगसेन महाराजांचा विजय असो!" असा घोष उठला, आणि आजवर झालं नव्हतं एवढं प्रचंड बहुमत झालं. बांधावरच्या रानडुकरांनीही खूर आपटले. सवय वाईट.

"अन् माझं बीळ?" हौसाक्का त्या गदारोळात ओरडत होती. "बिळाचं काय?"

खोकड दरडीवरून खाली वाकलं. आवाज पुन्हा लोण्यासारखा झाला होता, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढा मोठा. "हौसाक्का, महाराजांनी आपली शिंगं सोडली. आणि तुम्हाला एक बीळ सोडवत नाही?"

सगळ्या सभेनं वळून हौसाक्काकडं पाहिलं. शिंगवाल्यांनी पाहिलं, त्यांच्या माद्यांनी पाहिलं, अगदी बांधावरच्या सशांनीसुद्धा पाहिलं, आणि सगळ्यांच्या डोळ्यांत एकच भाव होता, की बाई, शोभतं का हे तुम्हाला?

"म्हाराजांची उगवतील की वं!" ती कळवळून म्हणाली. "माझं बीळ उगवंल का?"

पण तोवर खुरांचा कडकडाट पुन्हा सुरू झाला होता.

त्यागींची शिंगं गोळा करून चाटणाशेजारी मोठं स्मारक रचलं गेलं, आणि त्याला दात लावणं हा गुन्हा ठरला. चाटणावर पहिला मान त्यागींचा, असा ठराव झाला. ससे, रानडुकरं आणि साळिंदरं यांनी आम्हीही त्यागी आहोत असा अर्ज करून पाहिला. समितीनं तो सहानुभूतीनं ऐकला. पण त्यांच्या डोक्यावर मुळात काही नव्हतंच, तेव्हा त्यांनी टाकलं काय, हे तिला समजेना.

आषाढात तीन दिवस धार लागली. बांधावरच्या खड्ड्यात पाणी भरलं. हौसाक्कानं आणि सगुणानं दातांनी, नख्यांनी मुरूम उपसला, पण पाणी वरून येत होतं आणि खालूनही. पोर गेलं. हौसाक्का ऊर बडवून रडली, शिव्या दिल्या, खोकडाला दिल्या, महाराजांना दिल्या, 'बघतो' या शब्दावर विश्वास ठेवला म्हणून स्वतःलाही दिल्या. उघडीप झाल्यावर कोतवाल आला आणि त्यानं जवळच्या फांदीवर बसून हळुवार आवाजात विचारलं, की साळिंदर समाजानं एका बालकाचा त्याग केला असं जाहीर केलं तर घरच्यांची काही हरकत आहे का.

पावसाळा सरला तशी महाराजांची शिंगं पुन्हा उगवली. या वेळी तर आधीपेक्षा एक फाटा जास्त फुटला. त्यागाचं फळ मिळतंच, असं खोकडानं सभेत सांगितलं. बाकीच्यांचीही उगवली. पुढच्या उन्हाळ्यात सगळे मिळून पुन्हा त्याग करणार आहेत, तसं आत्ताच जाहीर झालं आहे. महाराजांबरोबर यंदा आणखी कुणी काय सोडावं, याचा विचार करायला समिती बसली आहे. तिची चर्चा गुप्त आहे. पण बोटभर शिंगांची भेकरं, म्हणजे ती भुंकणारी लहानशी हरणं, पुढचा नंबर आपला लागू नये म्हणून हल्ली प्रत्येक घोषणेला सगळ्यात आधी ओरडतात.